अकरा चाळीस

बेदाणा निवडायचं मशीन
सकाळी आठला सुरू व्हायचं
आणि अकरा चाळीसच्या आसपास गप्प.
पडद्यावर एकच वाक्य : मेमरी शिल्लक नाही.
सन्मती मगदूम सांगलीला फोन लावायचे,
"साहेब, तुमचं पोर पुन्हा खाऊन खाऊन फुगलं."
मग वायर काढ, वायर घाल, दहा मिनिटं,
की पट्टा परत फिरायला लागायचा.

तिसऱ्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन
मी तासगावची एसटी पकडली.

शेडमध्ये गंधकाचा वास. डोळे चुरचुरले.
पट्ट्यावरून मणी धावतात, वर कॅमेरा,
प्रत्येक मण्याचा एक फोटो,
सेकंदाला दोनशे. डाग दिसला
की नळीतून हवेची फुंकर, मणी खाली क्रेटमध्ये.
हा निवाडा मी लिहिलाय,
विश्रामबागेतल्या एका खोलीत, पंख्याखाली,
बेदाण्याला हातही न लावता.

आकडा बघत बसलो.
चारशे बारा. पाचशे. नऊशे चाळीस.
गळती म्हणतात ह्याला, का कोण जाणे.
गळत काहीच नव्हतं, तुंबत होतं.
घेतलेली जागा कुणीतरी परत देत नव्हतं.
कॅमेऱ्याची लायब्ररी बदलली. तेच.
रंग मोजायचं काम बंद ठेवलं. तेच.
चार धाग्यांचा एक केला. तेच, फक्त सावकाश.
लॉगमध्ये दोन लाख ओळी,
सगळ्या सभ्य, एकही तोंड उघडेना.

"काय, सापडंना व्हय?"
बायाक्का खोत, खोक्यांना टेप लावता लावता.
मशीन यायच्या आधी बावीस वर्षं
हेच काम त्यांची बोटं करायची.
"काळा माल असला की लौकर मरतंय त्ये.
परवा सावळजचा पिवळाधमक हुता,
तर दीडपतुर चाललं की."

पंधरा दिवस मी घड्याळ बघत होतो.
मालाकडे बघायचं मला सुचलंच नव्हतं.

फाइल उघडली. ओळ एकशे अठ्ठ्याऐंशी.
डाग असेल तर फुंकर मार
आणि इथूनच परत फीर.
फोटो सोडून द्यायची ओळ
त्याच्या खाली, सहा ओळी खाली,
जिथं फक्त चांगला मणी पोचायचा.
चांगला बघितला, विसरला.
टाकलेला प्रत्येक मात्र
मशीननं जपून ठेवला होता :
काळा, फुटका, देठासकट,
आठ वाजल्यापासूनचे सगळे.

एक ओळ उचलून वर नेली. एवढंच.

"त्या फोटूंचं आता काय करतासा?"
सोडून देतो, म्हटलं. जागा पुढच्याला मिळते.
"आन आमाला दावलं बी न्हाईसा एकदा."

चारशे बारा. चारशे बारा.
चारशे तेरा.
चारशे बारा.

रात्री मगदुमांच्या ऑफिसात सतरंजीवर झोपलो,
दुसऱ्या दिवशी मुद्दाम थांबलो.
अकरा चाळीसला
बायाक्कांनी कमरेवर हात ठेवून मशीनकडे बघितलं.
रुबिना मुलाणीनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली,
पुन्हा आत सरकवली.
कुणाची तरी चुन्याची डबी मुठीतच राहिली.
पट्टा चालूच. खोकी येतच.
"ब्येस केलंसा," बायाक्का म्हणाल्या,
माझ्याकडे न बघता, टेप दातानं तोडत.

ती दहा मिनिटं
मी कुठल्याच आकड्यात धरली नव्हती.

सन्मतींना बिल देताना म्हणालो,
रोज अकरा चाळीसला दहा मिनिटं बंद ठेवत जा,
कॅमेरा तापतो.
ते म्हणाले, वहीत लिहून देता काय?
लिहून दिलं. खाली सही केली, तारीख घातली.

कॅमेरा तापत नाही.